साथीचा कायदा आणि आमचें स्वातंत्र्य
(ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



साथीच्या काळांत सरकारनें आमच्या उंबरठ्याच्या आंत यावें काय? १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि १८९७ सालीं साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत गोरे शिपाई घरोघर, देवघरापर्यंत शिरले. लोकांनीं रोगी दडविले. २२ जून १८९७ रोजीं प्लेगचे अधिकारी रँडसाहेब यांजवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं १० जानेवारीस मुंबईंत डॉक्टर हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःच्या देहांत टोचून घेतली. आणि सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करितां करितां त्याच रोगानें १० मार्च रोजीं निवर्तल्या.

२०२० सालीं महाराष्ट्रांत तोच कायदा पुन्हां लागूं झाला. देवमंदिराचीं दारें मिटलीं. आम्ही पवित्र मिस्सेस मुकलों. तें आम्हीं शेजाऱ्याच्या प्राणासाठीं सोसलें.

शेजाऱ्याचा प्राण धोक्यांत घालण्याचें स्वातंत्र्य कोणासही नाहीं. तसाच माणसाची अब्रू तुडविण्याचा अधिकार राज्यासही नाहीं. यास्तव नियम आम्हीं पाळावा. परंतु नियम करणाऱ्यानें त्याचें कारण सांगावें, मुदत सांगावी आणि तो प्रथम स्वतः पाळावा. प्रभु आम्हां सर्वांस ही सुबुद्धि देवो.