छातीत धडधडते तेव्हाच नोंद घ्या
(जबलपूर येथील मराठीभाषक कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



छातीत अचानक धडधडू लागते, ठोका चुकल्यासारखा वाटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि ग्वारीघाटाहून रिक्षा करून रुग्णालय गाठेपर्यंत सारे शांत झालेले असते. नेहमीचा ईसीजी सुमारे १० सेकंदांचेच ठोके टिपतो. त्या अवधीत दोष प्रकट झाला नाही, तर कागदावर तो उमटत नाही.

माझ्या मावशीच्या बाबतीत दोन वर्षे हेच घडले. तीन वेळा ईसीजी निर्दोष आला आणि ‘गॅसेस असतील’ म्हणून तिची बोळवण झाली. अखेर एका पहाटे तिने घरीच घेतलेल्या ३० सेकंदांच्या नोंदीत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत पोहोचल्यास पक्षाघात होतो. औषध त्यानंतर सुरू झाले. तिच्या शब्दांवर विश्वास बसण्यासाठी यंत्राची साक्ष लागावी, हे मला आजही खटकते.

अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांचे असे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते आणि ते पाठीवर वाहावे लागे! आज ते तळहातात मावते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे. मात्र करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर म्हणजे हे यंत्र नव्हे. तो नाडीचा आकडा दाखवतो. ठोक्यांच्या विद्युत्-लहरींचा आलेख काढत नाही.

डॉक्टरांनी असे यंत्र सुचविले असल्यास ते कपाटात नव्हे, उशाशी ठेवा. त्रास सुरू होताच खाली बसा, कोपरे मांडीवर टेकवा आणि दोन्ही हातांची बोटे पट्ट्यांवर हलकेच ठेवा. जोराने दाबल्यास स्नायूंच्या कंपाने आलेख बिघडतो. थंडीत बोटे कोरडी पडतात. ती किंचित ओली करा. यंत्र चार्जिंगला लावलेले असताना नोंद घेऊ नका. ३० सेकंद बोलू नका, हलू नका. मग वेळ, त्या क्षणी काय करीत होता आणि काय जाणवले, हे लिहून ठेवा. शरीरात पेसमेकर बसविलेला असल्यास यंत्र वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

छातीत दुखत असेल, दम लागला असेल, शुद्ध हरपली असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर नोंद घेण्यात क्षणही घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. पडद्यावर ‘नॉर्मल’ ही अक्षरे आली, तरी हृदयविकाराचा झटका नाही असे त्यातून ठरत नाही. तसेच ती अक्षरे पाहून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. त्रास नसताना तासातासाला नोंदी घेत बसणेही नको. त्याने केवळ धास्ती वाढते.

नोंद व्हॉट्सॲपवरील नातेवाइकांच्या गटात फिरवण्याऐवजी डॉक्टरांकडे पोहोचवा. ती पुसू नका. पुढील तपासणीला येताना फोन आणि वही, दोन्ही सोबत आणा.