मॉरिशस : एका पिकावर जगलेले बेट

(चंदनसार येथे संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र म्हटले की तो तज्ज्ञांचा विषय, आपले त्यात काय काम, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. आमची पदवीही कला शाखेची. परंतु ज्या घरात एकच पगार येतो आणि तोही थांबतो, त्या घराचे काय होते हे आम्ही पासबुकात रोज पाहतो. देशाचेही तसेच असते. म्हणून आज एका लहान देशाचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत.

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते विरार अंतराहून थोडी अधिक. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. या बेटाशी आपले जुने नाते आहे. १८३५ साली इंग्रज सरकारने तेथील गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरी, सातारा भागांतील मराठी माणसेही होती. पोर्ट लुई बंदरात हे मजूर जेथे उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. त्यांच्या वंशजांची मुले आजही तेथील शाळांतून मराठी शिकतात.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीच्या दर शंभर रुपयांतील नव्वदाहून अधिक रुपये साखरेचे होते. साखरेचा भाव परदेशात ठरायचा. वादळ आले की ऊस आडवा व्हायचा; १९६० च्या कॅरोल वादळाने पिकाची अशीच दाणादाण उडवली. मोठ्या जमिनी थोड्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे होत्या. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाचे भवितव्य कठीण असल्याचे म्हटले होते. लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे आणि हातांना काम नाही, हे त्याचे कारण. मात्र त्यांनी उपायही सुचवला होता : कुटुंब लहान ठेवा आणि पुष्कळ हातांना काम देणारे कारखाने काढा.

येथे बाबासाहेबांच्या १९१८ सालच्या, लहान शेतजमिनींवरील निबंधाची आठवण होते. शेतीवर जास्तीची माणसे बसून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही, हा त्यातील मुख्य विचार. अर्ध्या शतकानंतर मॉरिशसने नेमकी हीच दिशा धरली.

१९७० साली निर्यातीसाठी माल तयार करणाऱ्या कारखान्यांना करसवलती देणारा कायदा झाला. १९७५ मध्ये लोमे करारासोबत युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. हा भाव बहुतेक वर्षे जागतिक बाजारापेक्षा चढा असे. खरा प्रश्न पुढे आहे. हा पैसा गेला कोठे? मळेवाल्यांनी नफ्याचा भाग कापड कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर घेतला. सर्व वृद्धांना पेन्शन १९५८ पासूनच मिळत होती. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले, त्याच दशकात मॉरिशसमध्ये कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत हजारो स्त्रियांना प्रथमच पगार मिळू लागला. १९९० च्या सुमारास या कारखान्यांत नव्वद हजारांच्या आसपास लोक कामाला होते. त्यानंतर पर्यटन वाढले आणि परकीय गुंतवणुकीचा व्यवसायही वाढला. भारताशी असलेल्या करविषयक करारामुळे आपल्या देशात येणारे पुष्कळ परकीय भांडवल कागदोपत्री मॉरिशसहून येत असे.

परंतु हे सारे आधार दुसऱ्याच्या हातात होते. २००५ च्या आरंभी कापडाच्या कोट्याची जागतिक व्यवस्था संपली आणि कारखान्यांतील कामे गेली. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. २०१६ मध्ये भारताने करविषयक करार बदलला. २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने थांबली आणि त्याच वर्षी वाकाशिओ जहाजातील तेल किनाऱ्यावर पसरले. त्याआधीच्या वर्षी बेटाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक पर्यटक आले होते, यावरून नुकसानीची कल्पना यावी.

तरीही बेट बुडाले नाही. साखर कारखाने कमी केले आणि उसाच्या चिपाडापासून वीज वाढवली. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देताना रोख रकमेबरोबर जमिनीचा तुकडाही दिला. 'व्हीआरएस' हा शब्द आम्हा बँकवाल्यांना २००० सालापासून चांगला परिचित आहे, म्हणून ही जमिनीची गोष्ट आम्हाला विशेष वाटली.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज या भरभराटीत मागे राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर दंगली उसळल्या. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरीचे परिणाम तपासणाऱ्या आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला. सरासरी उत्पन्न वाढले म्हणून शेवटच्या माणसाचे वाढले असे होत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आता वृद्धांची संख्या वाढल्याने पेन्शनचे वय ६० वरून हळूहळू ६५ वर नेण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरले.

बंधू-भगिनींनो, आपल्या पुष्कळ घरांना एका सरकारी किंवा बँकेच्या नोकरीने वर आणले. त्या नोकरीचा आम्हाला अभिमान आहे. पण ती आमच्या मुलांना मिळेलच असे नाही. भरती कमी झाली आहे आणि कंत्राटी कामे वाढली आहेत. मॉरिशसने साखरेचा भाव चढा असतानाच दुसऱ्या आधाराची तयारी केली. आपणही पगार चालू आहे तोवर मुलींच्या आणि मुलांच्या शिक्षणात, हातातील कौशल्यात आणि नियमित बचतीत पैसा घातला पाहिजे. त्याचबरोबर आपल्यातील ज्या घरात एकही पगार आला नाही, त्या घरातील मुलाची फी आणि पुस्तके ही आपल्या संस्थेची पहिली जबाबदारी मानली पाहिजे. नाहीतर आपल्यातही कोणीतरी असेच मागे राहील.