चार भिंतींतील अबोला



देवनार म्हटले की मुंबईकराला प्रथम आठवते ती कचराभूमी. परंतु याच देवनारमध्ये १९५४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. या संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीला पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी संसदेने कुटुंब न्यायालयांचा कायदा केला आणि १९८९ मध्ये मुंबईत असे न्यायालय स्थापन झाले. घरातील दुःख घरातच निवारण्याची शक्ती क्षीण होत चालल्याची खूण तेव्हाच दिसू लागली होती.

आज देवनार-गोवंडीच्या कोणत्याही गृहसंकुलात डोकवावे. पती सकाळी हार्बरची गाडी पकडतो, पत्नी चेंबूर वा वाशीच्या कार्यालयात जाते. रात्री दोघे भेटतात तेव्हा बोलणे होते ते गृहकर्जाचा हप्ता, मुलाची शिकवणी आणि सासूबाईंचे औषध यांविषयी. संसार नीट चाललेला असतो, फक्त त्यातील दोन माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात. मग कार्यालयातील एखादा सहकारी आस्थेने विचारपूस करतो आणि पाऊल घसरते. दोष स्त्रीच्या नोकरीला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण घसरणाऱ्या पावलांत पुरुषांचीही पावले असतात, हे विसरून कसे चालेल?

अशा वेळी अनेकांना कायद्याची आठवण होते. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९७ अन्वये व्यभिचार हा गुन्हा होता. मात्र त्यात परपुरुषालाच पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. पतीची संमती असेल तर गुन्हाच घडत नसे, आणि पतीने प्रतारणा केली तर पत्नीला तक्रारीचा अधिकार नव्हता. पत्नीला पतीची मालमत्ता मानणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तिला स्थान नाही. व्यभिचार हे हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोटाचे कारण मात्र आजही आहे. तात्पर्य, कायदा विवाह मोडण्याचा मार्ग दाखवू शकतो. निष्ठा निर्माण करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम पूर्वीही तुरुंगाच्या भयाने होत नव्हते.

या साऱ्यात सर्वांत मोठी किंमत मोजतात ती मुले. आईवडिलांचा अबोला मुलांना भांडणापेक्षाही लवकर कळतो. दहावीचा मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण त्याचे कान शेजारच्या खोलीकडे असतात. आई रडली का, बाबा अजून का आले नाहीत, याचा हिशेब तो मनाशी मांडत राहतो आणि कोणाजवळ बोलत नाही.

कुटुंब न्यायालयाच्या कायद्याने न्यायाधीशांवर प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य सोपविले आहे. त्यासाठी समुपदेशकांचीही तरतूद आहे. जे काम न्यायालय प्रकरण दाखल झाल्यावर करते, ते आप्तांनी व शेजाऱ्यांनी आधीच का करू नये? एकेकाळी चाळीत घरातील वडीलधारे दोघांनाही समोर बसवून ऐकून घेत. आज बंद दाराच्या सदनिकेत ते स्थान रिकामे आहे. ते भरताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : समेट म्हणजे एकीने मुकाट सोसणे नव्हे. जेथे मारहाण वा छळ आहे, तेथे सहनशीलतेचा उपदेश हा अपराध ठरेल. तेथे त्या स्त्रीसोबत विशेष कक्षापर्यंत जाणे हेच कर्तव्य होय.

जेथे केवळ दुरावा आहे, तेथे आरंभ लहानसा असावा. रात्रीचे जेवण एकत्र, भ्रमणध्वनी बाजूला आणि हप्ते-शुल्काच्या पलीकडचा एक प्रश्न : आज दिवस कसा गेला? उत्तर येईपर्यंत थांबण्याचे धैर्य ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला शेजारच्या खोलीकडे कान लावून बसावे लागणार नाही.