रासायनिक समीकरणांचा ताळेबंद

(विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



गुणवंतांचा गौरव यथोचित झाला. आता शास्त्राच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलामुलींविषयी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते. दहावीतील रासायनिक समीकरणे पुष्कळांस गूढ भासतात. वडीलमंडळी 'पाठ करून टाक' म्हणतात, आणि 'शास्त्र आपल्याला झेपणार नाही' हा समज तेथेच मूळ धरतो. वस्तुतः हा विषय पाठांतराचा नसून जमाखर्चाचा आहे.

फ्रान्सचा लाव्हॉझिए हा रसायनशास्त्रज्ञ करवसुलीच्या व्यवसायातही भागीदार होता. रासायनिक क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच क्रियेनंतर, हे तत्त्व त्याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडले. १७९४ साली राज्यक्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला. तत्त्व मात्र अढळ राहिले.

आपल्या चुलीवरील गॅसचा एक घटक प्रोपेन. त्याच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. कार्बन ३, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे रेणू ३. हायड्रोजन ८, म्हणून पाण्याचे रेणू ४. यांत ऑक्सिजनचे अणू ६ आणि ४ मिळून १० खर्ची पडले. ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन. तेव्हा जमेस त्याचे ५ रेणू हवेत. आता वजनाचा ताळा पाहा: प्रोपेन ४४ ग्रॅम व ऑक्सिजन १६० ग्रॅम, एकूण २०४, कार्बन डायऑक्साइड १३२ व पाणी ७२, एकूण २०४!

पथ्य एकच. रेणूंची संख्या बदलावी, रेणूची घडण बदलू नये. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढविला, तर पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते. हिशेब जुळविण्यासाठी मालच बदलणे ही लबाडी होय.

हा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालला आणि प्रोपेनच्या प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचे ५ ऐवजी साडेतीनच रेणू मिळाले, तरीही समीकरण जुळू शकते. परंतु तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक आहे. ज्या मुलीला हे समीकरण उमगले, ती गीझर घराबाहेर मोकळ्या हवेत बसविण्याचा आग्रह धरील.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलांजवळ घटकाभर बसावे, उत्तर सांगू नये, अणू मोजावयास लावावेत. आपणांस रसायन येत नसले तरी बेरीज येतेच. आरंभास तेवढी पुरेशी आहे.