औषधाचे माप रक्तात
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत कोणी पाककृती सांगते, कोणी शिवणकामातली युक्ती. यंदा चिटणीसबाईंनी मला गळ घातली की, घरात उपयोगी पडेल असे काहीतरी तुम्ही बोला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठ्या विषयावर बोलणे हे माझे काम नव्हे. परंतु गेली अकरा वर्षे आमच्या घरात एक औषध चालू आहे, आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. ते का आणि कसे तपासतात हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून समजून घेतले आहे. तेच आज सांगणार आहे.

औषधाचे नाव लिथियम. माझी धाकटी जाऊ ते घेते. तिला विचारूनच मी बोलते आहे. ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचा आजार मनाचा आहे. काही दिवस मनाला असे उधाण येते की झोप नको, जेवण नको, पैसा पाण्यासारखा खर्चावा. मग काही दिवस अंथरुणातून उठवत नाही, जगणे नकोसे होते. लिथियमने ही दोन्ही टोके आवरली जातात. आज ती घर सांभाळते, शिकवण्या घेते. मधुमेहाचे औषध घेण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

आता हे लिथियम म्हणजे काय? ते मिठाच्या भाऊबंदांपैकी एक आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी मनाच्या उधाणावर त्याचा गुण येतो असे प्रसिद्ध केले. पण त्याच सुमारास अमेरिकेत एक अनर्थ झाला. ज्या हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य होते, त्यांच्यासाठी लिथियमचे मीठ बाजारात आले. लोक ते जेवणावर भुरभुरून खाऊ लागले, आणि काहीजण विषबाधेने दगावले. केड यांच्या ज्या पहिल्या रोग्याला गुण आला होता, तोही १९५० साली लिथियमच्याच बाधेने गेला. पुढे मेलबर्नमध्ये रक्तातले लिथियम मोजून औषध देऊ लागले, डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी १९५४ साली नीट पारख करून त्याचा गुण दाखविला, आणि १९७० साली अमेरिकेच्या सरकारनेही त्याला मान्यता दिली. औषध तेच होते, माप हाती आले म्हणून ते भरवशाचे झाले.

साधारणपणे रक्तात ०.६ ते १.० एवढे लिथियम असावे लागते. त्याहून कमी असेल तर सहसा गुण येत नाही. दीडच्या वर गेले की बाधा दिसू लागते आणि दोनच्या वर जिवाला धोका असतो. गुण आणि बाधा यांत अंतर इतके थोडे, म्हणून अंदाजाने चालत नाही. गोळ्या तेवढ्याच असल्या तरी रक्तातले प्रमाण तेच राहील असे नाही. आपण आमटीत मीठ मापानेच घालतो, पण आमटी आटली की खारट होते ना? तसेच हे आहे. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते.

हे आम्ही घरात अनुभवले. एका हरितालिकेला जावेने निर्जळी उपवास केला. दुपारी डोके दुखू लागले, तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी अंगदुखीची गोळी दिली. रात्री पुन्हा एक दिली. दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, पाय लटपटू लागले, बोलणे जड झाले. कोणी म्हणाले अंगात आले, कोणी म्हणाले जुना आजार उलटला. दिरांनी मात्र तिला तडक इस्पितळात नेले. रक्त तपासले तर आकडा १.९. गोळ्या थांबवून सलाइन लावले, आकडा उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा रक्त तपासले, आणि पाचव्या दिवशी ती घरी आली. आजार उलटला नव्हता, औषध साठले होते. रक्त तपासले नसते तर आम्ही अंगाराच लावत बसलो असतो.

आता कामाच्या गोष्टी सांगते.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यावे, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यावी. आधी घेतली तर आकडा उगाच मोठा दिसतो. यासाठी उपाशी जावे लागत नाही. लॅबमध्ये "लिथियमची तपासणी आहे" असे स्पष्ट सांगावे. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियमचाच क्षार घातलेला असतो, त्यात रक्त घेतले तर आकडा खोटा येतो.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासतात, आकडा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला. मग पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे. सहा महिन्यांतून एकदा मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमचीही तपासणी होते.

निर्जळी उपवास, अळणी व्रत, जुलाब-उलट्या, कडक ऊन यांत सावध राहावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी लिथियम वाढते. म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नये, देऊही नये. ज्या लेकीसुनांना मूल हवे आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात आकडा उतरतो आणि बाळंतपणानंतर चढतो. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या एकदम सोडू नयेत, आजार उसळून येतो.

प्रत्येक औषधाला अशी तपासणी लागत नाही. रक्तदाबाच्या औषधाचा गुण रक्तदाब मोजूनच कळतो. पण फिटचे फेनिटोइन, हृदयाचे डिगॉक्सिन, मूत्रपिंड बदललेल्यांचे टॅक्रोलिमस यांचेही रक्तातले माप पाहतात. तुमच्या घरी यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि प्रत्येक वेळचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. आमची वही दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारीच असते.

शेवटी एक विनंती. यंदा हरितालिकेच्या पूजेला आमच्या जाऊबाई पाणी पितील, सरबतही घेतील. कोणी त्यांना "व्रत मोडले" असे म्हणू नये. शेजारणीचा हात थरथरताना दिसला, तर तिची चर्चा करण्याआधी तिला रक्त तपासायला घेऊन जावे. आपल्या मंडळाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.