मुलांसह कोसबाडला



लहानपणी आवडलेल्या जागी आपण मुलांना नेतो, तेव्हा बहुधा आपण जागा दाखवीत नसतो, आपले लहानपण दाखवीत असतो. ‘इथे ही वाडी होती, तिथवर सुरूची झाडे होती,’ असे आपले चाललेले असते; आणि चिरंजीव ओहोटीच्या चिखलात चिंबोरीच्या बिळाशी केव्हाच उकिडवे बसलेले असतात! डहाणू तालुक्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर मी हे पाहिले आहे, आणि अशा वेळी गप्प बसण्यातले शहाणपणही तिथेच शिकलो आहे.

हे शहाणपण त्या मातीतलेच म्हणावयाचे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महाग साधने खेड्याला परवडावीत कशी? म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मूल शाळेत येईना, कारण ते गुरांमागे रानात असे. तेव्हा शाळाच गुरांमागे गेली. तिचे नाव कुरणशाळा.

या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. आपण ज्याला रम्य कुरण म्हणतो, ते त्या मुलाचे कामाचे ठिकाण होते. आपली मुले ज्या गवतात लोळतात, त्या गवताच्या कापणीला पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मिळावेत म्हणून १९४५ साली इथल्या वारल्यांनी संप केला. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीकडील झरी गावी जमून, यापुढे वेठ करावयाची नाही, असे त्यांनी ठरविले होते. गोदावरी परुळेकरांनी तो लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. मुलांना हे सांगावे काय? मी म्हणतो, अवश्य सांगावे; पण टेकडीवर नव्हे, संध्याकाळी घोलवडचे चिकू खाता खाता. टेकडीवर त्यांना सुटीच्या दिवशी एखाद्या वारली मुलाबरोबर सोडावे. झाडांची नावे त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असतात, आणि तो व्याख्यान देत नाही!

डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठी प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वाड्या आणि खाड्या बऱ्याचशा शिल्लक राहिल्या त्या यामुळे. पण ३० ऑगस्ट २०२४ रोजी याच तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. रोजगार येईल, असे सरकार म्हणते. मासळी जाईल, असे मच्छीमार म्हणतात. मला मच्छीमारांचे म्हणणे अधिक पटते, कारण त्या पाण्याशी त्यांचा रोजचा व्यवहार आहे.

तेव्हा कोसबाडला गेलात की एक दिवस वाढवणसाठीही राखा. ओहोटीला तिथले खडक उघडे पडतात. मुलांना त्या डबक्यांपाशी निवांत बसू द्या. पाणी केव्हा परतते ते मात्र गावात विचारून घ्या, आणि पायांत धड वहाणा असू द्या. खडक निसरडे आहेत.