टाळी वाजवा, आणि मग हिशेब मांडा

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



28 फेब्रुवारी हा आपल्या देशात विज्ञान दिवस म्हणून पाळतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला त्या सुमारास मोठे विज्ञान प्रदर्शन भरते. आपल्याकडची शाळेची पोरे तिथे जातात. 45 मीटर व्यासाच्या त्या प्रचंड तबकड्या बघून येतात आणि रात्री जेवताना बापाला विचारतात, "अण्णा, याचा आपल्याला काय उपयोग?" बाप म्हणतो, "गप जेव." बाप रागावतो, कारण त्यालाही तोच प्रश्न पडलेला असतो. आज त्या प्रश्नावर बोलायचे आहे.

2023 सालचा ऑगस्ट आठवा. 23 ऑगस्टला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तिथे उतरणारा आपला पहिला देश. मी एका गावात होतो. पारावर टीव्ही आणला होता. यान टेकले तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या, फटाके उडवले. मीही टाळ्या वाजवल्या. पण तोच ऑगस्ट महिना देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बाजरी होरपळली होती, विहिरी तळाला होत्या. गर्दीतला एक जण उठता उठता म्हणाला, "चंद्रावर पाणी शोधायला निघालेत. आधी माझ्या विहिरीत बघा म्हणावं."

सगळे हसले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. टाळी वाजवणारा मीच आणि विहिरीत पाणी नसलेल्यांच्या बैठका घेणाराही मीच. यातले खरे कोणते?

मला वाटते, दोन्ही खरे. पहिल्यांदा टाळीची बाजू सांगतो.

चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी रुपये सांगितला गेला. तो वाचवला असता तर आपल्या विहिरींना पाणी आले असते, असे मानणे भोळेपणाचे आहे. विहिरी कोरड्या राहिल्या त्या यानामुळे नव्हे. आणि खोडदची दुर्बीण म्हणाल, तर माझ्या ज्वारीला तिचा काही उपयोग नाही, तसा तो असावा असा माझा हट्टही नाही. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ तारांची जाळी ताणून कमी खर्चात 30 तबकड्या उभ्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. शेतकऱ्याच्या पोराने हे बघावे. आपल्या ऐपतीत जगाच्या तोडीचे काम होते, हे त्याला कळावे. एवढा उपयोग मला पुरे आहे.

दुसरी गोष्ट. आकाशातला उपग्रह आपल्या बांधापर्यंत आलेला आहे, आपल्याला त्याचा पत्ता नाही. पूर्वी दुष्काळ ठरायचा आणेवारीवर. कुणीतरी शिवारात यायचे, नजर टाकायचे, कागदावर आकडा पडायचा. केंद्राची 2016 ची दुष्काळ संहिता आल्यावर पद्धत बदलली. आधी पावसाची तूट बघतात. मग उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, धरणांतले आणि भूजलाचे पाणी बघतात. शेवटी तालुक्यातल्या 10 टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी करतात. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत शिरूर होते, दौंडही होते. म्हणजे ज्या विद्येची आपण पारावर थट्टा केली, तिचीच साक्ष दोन महिन्यांनी आपल्या बाजूने पडली.

आता हिशेबाची बाजू. उपग्रह खोटे बोलत नाही, पण सरासरी बोलते. दौंड तालुक्यात कालव्याखालचा ऊस आहे आणि रोटी, कुसेगाव, जिरेगावची जिरायतही आहे. शिरूरमध्ये घोड आणि भीमेचे काठ आहेत, तसेच कान्हूर मेसाई, धामारीचे माळही आहेत. तालुक्याची सरासरी काढली की उसाचा हिरवेपणा जिरायताच्या पदरात पडतो. 2023 ला आपण यादीत बसलो. पुढच्या वेळी बसू याची हमी कोण देणार? त्याच साली उरलेल्या तालुक्यांतल्या महसूल मंडळांची वेगळी यादी काढावी लागली, ती मंडळाच्या पावसावरून. मंडळाचे पर्जन्यमापक एका गावात आणि वळवाचा ढग बरसतो बैलाच्या एका शिंगावर. यंत्रापाशी पडला आणि तुमच्या शिवारात नाही पडला, तर कागदावर तुमचे शिवार भिजलेले.

उपाय काय? यंत्र फोडणे हा उपाय नाही. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. तारीख घालून वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि डबा रिकामा करा. तुमच्या वहीला सरकारी मान्यता नाही, हे मला माहीत आहे. पण "आमच्याकडे पाऊसच नाही" या ओरडण्यापेक्षा 4 महिन्यांची वही टेबलावर ठेवून केलेले भांडण वजनदार असते.

आता आपल्या जमिनीकडे येतो. चांद्रयानाने चंद्राच्या मातीत एक सळई खुपसली आणि वेगवेगळ्या खोलीवर उष्णता मोजली. वर 50 अंशांच्या पुढे आणि अवघ्या 8 सेंटीमीटरवर शून्याच्या खाली 10 अंशांच्या आसपास. वरची भुसभुशीत धूळ झाकणासारखी असते, उन्हाची आच खाली जाऊ देत नाही. ही बातमी वाचून मी मनात म्हणालो, अरे, ही तर आपली कोळपणी! कोळप्याने वरची दोन बोटे माती मोकळी केली की खालची ओल वर चढण्याच्या वाटा तुटतात, भेगा बुजतात, ओल टिकते. चंद्रावर झाकण उन्हाला अडवते, आपल्याकडे ओलीला अडवते. "एक कोळपणी, अर्धे पाणी" ही म्हण तुमच्या आजोबांची आहे.

या म्हणीचे शास्त्रही इथलेच. दौंडहून पुण्याला जाताना मांजरी लागते. तिथे 1923 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. ताम्हणे आणि कानिटकर ही नावे आपण लक्षात ठेवली पाहिजेत. पुढे 1933 साली सोलापूरलाही काम सुरू झाले. बांधबंदिस्ती करा, दर वर्षी नाही तरी काही वर्षांनी खोल नांगरा, बी कमी वापरा, ओळी लांब ठेवा, कोळपण्या वाढवा, शेणखत घाला, अशी ती पद्धत. शास्त्र म्हणून चोख. मग गावोगाव का पसरली नाही? आमच्या कॉलेजात उत्तर ठरलेले होते: शेतकरी अडाणी आहे.

मीही नोकरीत असताना हेच बोललो. एका गावात मी तीन कोळपण्यांचा तक्ता घेऊन गेलो. तिसऱ्या आठवड्यात एक, पाचव्यात दुसरी, आठव्यात तिसरी. एक म्हातारे आबा पुढे बसले होते. म्हणाले, "साहेब, कोरड्या सालात माझी ज्वारी एकरी दोन क्विंटल. तुमच्या पद्धतीने किती वाढंल?" मी म्हणालो, "आबा, पंधरा-वीस टक्के नक्की." त्यांनी बोटावर मोजले. "म्हंजी फार तर 40 किलो. बैलजोडी माझी न्हाई, भाड्याची. तीन कोळपण्यांचं भाडं द्या आणि 40 किलोचे पैसे घ्या. उरलं तर मला सांगा." मी गप्प बसलो. आबा पुढे म्हणाले, "शेवटची एक मी करतोच. भेगा पडायच्या आधी. ती परवडती."

भावांनो, कॉलेजात मला जे शिकवले नाही ते आबांनी शिकवले. मांजरीचे शास्त्र खोटे नव्हते. ते अर्धे होते. ओलीचा हिशेब त्यात होता, पैशाचा नव्हता. आबांनी उरलेले अर्धे पुरे केले आणि तीनातली नेमकी कोणती कोळपणी परवडते ते शोधून काढले. तो अडाणीपणा नव्हे, ते संशोधन आहे. फक्त ते कुणी लिहून घेतले नाही.

याच्या उलट मालदांडी बघा. 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर गावच्याच मालदांडीतून निवड करून 35-1 काढली. ती पसरवायला कुणाला भाषणे करावी लागली नाहीत. बी घरचे ठेवता येते, वरखर्च नाही, भाकरी गोड आणि कडबा जनावर आवडीने खाते. हिशेब जुळला, म्हणून ती आजही टिकून आहे. राहुरीने पुढे जमिनीप्रमाणे वाण दिले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. किती जणांनी आपली जमीन बघून वाण निवडला? हात वर करा. बघा, पाच-सहाच हात आहेत. इथे दोष आपलाही आहे.

कापूसवाल्यांचेही ऐका. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, शेतकऱ्याने धावत जाऊन बियाणे घेतले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण पाकिटाबरोबर बिगर-बीटीचे एक छोटे पाकीट यायचे. ते कडेने लावायचे होते, म्हणजे अळीला सगळीकडे एकच विष मिळून ती त्याला पचवायला शिकू नये. आपण ते पाकीट बांधावर फेकले. कारण पुन्हा हिशेब! चार ओळी अळीला कोण देतो? 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने त्याची वसुली केली. विज्ञान एकदा घेतले आणि संपले, असे नसते. त्याची राखण करावी लागते, आणि त्या राखणीचा खर्च कोणी सोसायचा हे आधी ठरवावे लागते.

एक शेवटचे उदाहरण, आपल्याच शिरूर तालुक्यातले. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. 1983 साली ते सगळे सोडून पाबळला आले आणि विज्ञान आश्रम काढला. कोरडवाहू गाव मुद्दाम निवडले. शाळा सुटलेल्या पोरांच्या हातात हत्यारे दिली. जमिनीतून वीज सोडून खाली पाणी कुठे असेल याचा अंदाज घेणारे यंत्र गावची पोरे चालवू लागली. पारावरच्या माणसाचा प्रश्न होता ना, "माझ्या विहिरीत बघा"? पाबळने तो प्रश्न थट्टा म्हणून घेतला नाही, काम म्हणून घेतला. फरक एवढाच असतो. शास्त्राला प्रश्न कोण घालतो, त्यावर उत्तर कुठे पोचेल ते ठरते. आपण प्रश्न घातला नाही, तर दुसरा कुणी घालील आणि उत्तर त्याच्या दारात जाईल.

म्हणून या बैठकीतून एवढेच घेऊन जा. कुणी नवीन वाण, नवीन औषध, नवीन यंत्र घेऊन आले, तर हाकलू नका आणि हारही घालू नका. तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या जमिनीवर करून बघितले? कोरड्या सालात काय झाले? खर्च वजा जाता हातात काय उरले? मग स्वतःच्या रानात चार ओळी नव्याच्या आणि शेजारी चार ओळी जुन्याच्या ठेवा. दाणे वेगळे मोजा, कडबा वेगळा मोजा, मजुरी लिहा. पुढच्या बैठकीला पावसाची वही आणि ही वही, दोन्ही घेऊन या. प्रत्येक गावाच्या वह्या इथे मोठ्याने वाचू.

आणि त्या पोराला आज रात्री "गप जेव" म्हणू नका. त्याच्या हातात पट्टी द्या, डब्यातले पाणी त्याला मोजू द्या. मग तो काय विचारतो ते ऐका.

एवढे बोलून मी थांबतो.